दुष्काळ, मिशनकार्य आणि आशेची घडण : पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाचा विचार

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ख्रिस्ती मिशनकार्याचा उल्लेख साधारणतः दोन प्रकारे होतो. शाळा, छापखाने, दवाखाने आणि नियतकालिके यांच्या रूपाने मिशनऱ्यांनी आधुनिकतेचा पाया घातला, असे एक पक्ष मानतो. या सर्व सेवेमागे धर्मांतराचाच हेतू होता, असे दुसरा पक्ष मानतो. दोन्ही मतांना पुराव्याचा आधार आहे. परंतु या वादात ज्यांच्यासाठी हे कार्य झाले ती माणसे मात्र दृष्टीआड होतात. दुष्काळात आईबाप गमावलेली मुलगी, घराबाहेर काढलेली विधवा, दृष्टी गेलेली स्त्री यांच्या आयुष्यात मिशनकार्याने नेमके काय घडवले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदनाच्या आधारे विचारात घेतला आहे. हे उदाहरण निवडण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, येथे मिशनकार्याची सूत्रे परदेशी मिशनऱ्याकडे नव्हती. ती एका मराठी भाषक, संस्कृतज्ञ, विधवा स्त्रीच्या हाती होती. दुसरे असे की, या कार्याचा विस्तार १८९६ ते १९०० या दुष्काळ व प्लेगच्या काळात झाला. त्यामुळे संकट आणि आशा यांचा संबंध येथे प्रत्यक्ष कामकाजात पाहता येतो. आशा ही केवळ मनाची अवस्था किंवा उपदेशाचा विषय नसून ती अन्न, अक्षर, हातचे काम आणि जबाबदारी यांतून घडवावी लागते, हे मुक्तिसदनाच्या इतिहासातून कसे दिसते हे स्पष्ट करणे, तसेच या कार्यावरील आक्षेपांचा समतोल विचार करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

मिशनकार्याची पार्श्वभूमी

मराठी प्रदेशात प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा प्रारंभ १८१३ मध्ये झाला. त्या वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कार्याची सुरुवात झाली. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन मुंबईत दाखल झाले. १८३१ मध्ये अमेरिकन मिशनने तत्कालीन अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे केंद्र उघडले आणि तेथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. मुलींच्या शाळा हे या मिशनांच्या कार्याचे आरंभापासूनचे महत्त्वाचे अंग होते.

या कार्याची एक मर्यादा मात्र ठळक होती. निर्णय, निधी आणि अधिकार हे बहुतांशी परदेशी मंडळ्यांकडे असत. एतद्देशीय ख्रिस्ती व्यक्ती शिक्षक, उपदेशक किंवा बायबल सांगणाऱ्या स्त्रिया म्हणून काम करीत. परंतु कार्याची दिशा ठरविण्यात त्यांचा वाटा अल्प असे. रमाबाईंचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर लक्षात येते. त्यांनी परदेशातून निधी मिळवला, परदेशी सहकारी घेतले, पण संस्थेचे सुकाणू स्वतःकडेच ठेवले.

दुष्काळाचा पूर्वानुभव

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण होते. त्यांनी रूढीविरुद्ध जाऊन पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि त्यासाठी धर्ममार्तंडांचा रोष पत्करला. सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत देशभर फिरत राहिले. पुराण सांगून मिळणारी दक्षिणा हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. शास्त्राध्ययनाशिवाय दुसरा व्यवसाय माहीत नाही, अंगमेहनतीच्या कामाची सवय नाही आणि भीक मागणे कुलशीलाला साजत नाही, अशा कोंडीत ते सापडले. जवळचे किडूकमिडूक विकून झाले, रानातील फळे व पाला खाऊन दिवस काढले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई यांचा मृत्यू झाला. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी भटकत उत्तर हिंदुस्थानात गेली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी दोघांनी वाळूत खड्डे करून त्यांत अंग पुरून घेतले आणि केवळ डोके बाहेर ठेवून रात्र काढली, अशी आठवण रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात नोंदविली आहे.

हा अनुभव केवळ चरित्रातील करुण प्रसंग म्हणून पाहणे पुरेसे नाही. रमाबाईंच्या पुढील कार्याची दोन मूलसूत्रे त्यात आहेत. उपाशी माणसाला अन्नाइतकीच गरज असते ती लाज न वाटता जगता येण्याची, हे एक सूत्र. केवळ ग्रंथज्ञान असलेला आणि हाताने काही करता न येणारा माणूस संकटात किती असहाय होतो, हे दुसरे. पुढे केडगावला प्रत्येक मुलीला अक्षराबरोबर हातचे काम शिकविण्याचा जो आग्रह दिसतो, त्याचे मूळ या दिवसांत शोधता येते.

शारदा सदन : आरंभ आणि पेच

१८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. कन्या मनोरमा हिचा जन्म १८८१ मध्ये झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची गरज प्रतिपादन केली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतराने महाराष्ट्रात खळबळ उडाली. मात्र त्यानंतर त्या चर्चच्या आज्ञाधारक अनुयायी झाल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात धर्मसिद्धांत, चर्चचे अधिकार आणि इंग्रजी रीतिरिवाज यांबाबत तीव्र मतभेद दिसतात. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का असू नयेत, असा प्रश्न त्यांनी केला होता. शाकाहार आणि देशी वेष त्यांनी सोडला नाही. त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, परंतु विचाराचा अधिकार कोणाच्याही स्वाधीन केला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मधील ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती, हेही या संदर्भात लक्षणीय आहे.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि व्याख्यानांतून निधी उभारला. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या ‘रमाबाई असोसिएशन’ने त्यांच्या नियोजित विधवागृहास दहा वर्षे साहाय्य करण्याची हमी घेतली. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. उच्चवर्णीय विधवांना आपापले आचार पाळता यावेत अशी व्यवस्थाही होती. परंतु १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेत मोठे स्थित्यंतर झाले. आपण आजवर ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्ताला मात्र ओळखले नव्हते, अशा आशयाचे विवेचन त्यांनी पुढे केले आहे. त्यांच्या खाजगी प्रार्थनेस मुली बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. समाजाचा विश्वास गमावलेली संस्था पुढे कशी चालेल, असा प्रश्न त्या वेळी निर्माण झाला होता.

दुष्काळ, प्लेग आणि केडगाव

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतःच्या तारुण्यातील उपासमार आठवून रमाबाई तेथे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर आणि अनाथांसाठी उघडलेल्या आश्रयस्थानांत त्यांना जे दिसले ते १८९७ मधील आपल्या वृत्तांतात त्यांनी लिहिले. उपासमारीपेक्षाही भयंकर अशी एक गोष्ट त्यांनी निदर्शनास आणली. निराधार मुलींना फसवून नेणारे दलाल तेथे मोकाट फिरत होते आणि आश्रयाच्या जागीही मुली सुरक्षित नव्हत्या. तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया आपल्या आश्रयाखाली घेण्याचा त्यांनी संकल्प केला.

याच सुमारास पुण्यात प्लेगचा प्रादुर्भाव झाला. शहरात नव्या मुलींना ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केल्यामुळे त्यांना अन्यत्र हलविणे भाग पडले. पुण्याच्या पूर्वेस सुमारे ५५ किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत केडगाव येथे रमाबाईंनी संस्थेला उत्पन्न मिळावे म्हणून सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतली होती. दुष्काळातील मुलींची तेथे तात्पुरत्या निवाऱ्यात सोय करण्यात आली. २४ सप्टेंबर १८९८ रोजी तेथील कायमच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली आणि ‘मुक्ती’ हे नाव रूढ झाले. जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून हे नाव सुचले असले, तरी भारतीय परंपरेत वाढलेल्या संस्कृत पंडितेने ते योजिले, यातील अर्थाची दुहेरी छटा मराठी वाचकाच्या सहज लक्षात येते.

प्लेगच्या काळातील रमाबाईंची भूमिका येथे नोंदविली पाहिजे. पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या जागी स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात जाहीरपणे लिहिले. ख्रिस्ती झालेली व्यक्ती ही सरकारची पाठराखण करणारीच असणार, या समजाला या घटनेने छेद जातो.

१८९९–१९०० चा दुष्काळ याहून व्यापक होता. गुजरातेत तो ‘छप्पनिया’ म्हणून लोकस्मृतीत राहिला. या वेळी मुक्तिसदनातील प्रशिक्षित स्त्रिया स्वतः निराधार मुलींच्या शोधार्थ गेल्या. १९०० नंतर सदनातील स्त्रिया व मुली यांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. दोनतीन वर्षांपूर्वी ज्यांना कोणीतरी वाचविले होते, त्यांतील काही आता इतरांना वाचविण्याच्या कामी लागल्या. लेखाच्या विषयाच्या दृष्टीने ही घटना सर्वांत महत्त्वाची आहे.

आणखी एक परिवर्तन येथे घडले. शारदा सदन हे प्राधान्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. दुष्काळाने आणलेल्या मुली निरनिराळ्या जातींच्या होत्या, त्यांची भाषाही एक नव्हती. मुक्तिसदनाचे दार त्यामुळे सर्वांसाठी उघडले आणि सामुदायिक जीवनात जातिभेदाला स्थान उरले नाही. दारावर आलेल्या संकटाने ही व्याप्ती आधी वाढवली; तिचे तत्त्व मागाहून स्पष्ट झाले.

आशेची घडण : कामकाजाचे स्वरूप

दुष्काळातून आलेल्या मुलींची अवस्था शोचनीय होती. अनेक जणी आजारी होत्या, काही सदनात पोहोचल्यानंतरही वाचू शकल्या नाहीत. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाला पोटभर अन्न मिळाले तरी उद्या ते मिळेल यावर त्याचा विश्वास बसत नाही. अशा मनाला उपदेशाने आशा देता येत नाही. ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या जागी अंथरूण आणि रोज भेटणारे ओळखीचे माणूस एवढ्यावरच तिची सुरुवात होते. शारदा सदनात शिकलेल्या विधवा या नव्या मुलींच्या सांभाळासाठी व शिक्षणासाठी पुढे आल्या. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या एतद्देशीय सहकाऱ्यांचे आणि १८९८ मध्ये आलेल्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी स्त्रीचे साहाय्यही लाभले.

या पायावर शिक्षण आणि उद्योग यांची रचना झाली. मुलींना लिहिणे-वाचणे शिकविले जाई. त्याबरोबर शेती, बागाईत, गोठ्यातील काम, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, भट्टीवर पाव भाजणे, स्वयंपाक अशी कामे त्या करीत. सदनाचा स्वतःचा छापखाना होता आणि त्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामे स्त्रिया करीत. ज्या समाजात विधवेचे काम स्वयंपाकघरातील राबणुकीपुरते मानले जाई, तेथे स्त्रियांनी छापखाना चालविणे ही साधी गोष्ट नव्हती. सदनात विहिरी खोदण्यात आल्या. दुष्काळातून आलेल्या मुलींसाठी विहिरीला लागलेले पाणी हेच उद्याच्या दिवसाचे आश्वासन होते.

ज्या स्त्रिया इतर कामे करू शकत नव्हत्या त्यांचाही विचार झाला. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आत्मसात करून अंध स्त्रियांना वाचन शिकविण्यास प्रारंभ केला. फसवणुकीला बळी पडलेल्या आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ हा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. ‘उपयुक्त’ ठरू शकणाऱ्या मुलींपुरतेच हे कार्य मर्यादित राहिले नाही, हे यावरून दिसते.

या रचनेचे सूत्र असे सांगता येईल : आश्रय, आरोग्य, अक्षर, उद्योग आणि अखेरीस जबाबदारी. शेवटचा टप्पा सर्वांत मोलाचा आहे. भिक्षा मिळाल्याने भूक भागते, परंतु घेणारा घेणाराच राहतो. आपल्यावाचून दुसऱ्या कोणाचे अडेल हे जेव्हा माणसाला उमगते, तेव्हा त्याला उद्याच्या दिवसाचे प्रयोजन सापडते. विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी ख्रिस्ती विचारात प्रसिद्ध आहे. मुक्तिसदनात या त्रयीतील आशा प्रार्थनेत होती, तशीच ती माग, गोठा आणि खिळ्यांच्या पेटीतही होती.

प्रार्थनेचे स्थान दुय्यम होते, असा याचा अर्थ नव्हे. १९०५ मध्ये सदनात मोठे धार्मिक पुनरुज्जीवन घडून आले. शेकडो मुली एकत्र, मोठ्याने, अश्रू ढाळीत प्रार्थना करू लागल्या. ज्यांच्या दुःखाला तोवर वाचा नव्हती त्यांना येथे सामुदायिक अभिव्यक्ती मिळाली, असे त्याचे सामाजिक अंगाने विवेचन करता येते. श्रद्धावंतांच्या दृष्टीने तो पवित्र आत्म्याचा वर्षाव होता. मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका १९०७ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिली येथे पोहोचली आणि तेथील १९०९ च्या पुनरुज्जीवनास तिच्यातून प्रेरणा मिळाली. मिशनकार्याचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडेच वाहतो, ही समजूत केडगावने अशा रीतीने खोटी ठरविली.

सोप्या मराठीतील बायबल

रमाबाईंच्या अखेरच्या काळातील प्रमुख कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून अल्पशिक्षित स्त्रियांना ते दुर्बोध वाटते, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि सुमारे दीड तप या कामाला वाहून घेतले. छपाईचे काम सदनाच्या छापखान्यातच झाले. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. त्या आघातानंतरही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या भाषांतराच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद संभवतात. सोपेपणाच्या अतिआग्रहाने काही ठिकाणी भाषेचा डौल उणावला, असे म्हणता येईल. तथापि त्यामागील दृष्टी विलक्षण आहे. जिच्या संस्कृत पांडित्याचा कलकत्त्याच्या विद्वत्सभेने गौरव केला, तिनेच पुढे खेड्यातील स्त्रीला कळेल अशा मराठीसाठी ते पांडित्य बाजूला ठेवले. वडिलांनी आईला संस्कृत शिकवून ज्ञानाचे दार एका स्त्रीसाठी उघडले होते. मुलीने तेच दार भाषा सोपी करून अनेकींसाठी उघडले.

आक्षेप आणि त्यांचा विचार

मुक्तिसदनाच्या कार्यावरील प्रमुख आक्षेप धर्मांतराचा आहे. उपाशी आणि अनाथ मुलीला अन्न व आश्रय देणाऱ्या संस्थेतच धर्माची शिकवण दिली जात असेल, तर तिने केलेला धर्मस्वीकार मुक्त कसा मानावा? हा प्रश्न गंभीर असून तो केवळ प्रतिगामी वृत्तीतून आला, असे म्हणून बाजूला सारता येत नाही. आश्रयदाता आणि आश्रित यांच्यातील सत्ता समान नसते. बालकांच्या बाबतीत तर ती मुळीच समान नसते. शारदा सदनाच्या तटस्थतेचे आश्वासन पाळले गेले नाही, या हितचिंतकांच्या तक्रारीतही तथ्य होते. मुक्तिसदनाबाबत एवढे म्हणता येते की, तेथे ख्रिस्ती स्वरूप लपविले गेले नाही.

दुसऱ्या बाजूने असाही प्रश्न विचारावा लागतो की, या मुलींपुढे त्या वेळी अन्य कोणता पर्याय होता? समाजातील संघटित संस्था या मुलींसाठी पुरेशा प्रमाणात पुढे आल्या नव्हत्या आणि दलाल मात्र तत्परतेने पोहोचले होते. अर्थात पर्यायाचा अभाव हे धर्मप्रसाराचे समर्थन होऊ शकत नाही. तो समाजाच्या उदासीनतेचा पुरावा मात्र निश्चित आहे. या टीकेचा एक विधायक परिणामही झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० मध्ये तो हिंगणे येथे नेला. हिंदू समाजाचा विश्वास सांभाळून विधवांचे शिक्षण करण्याचा तो यशस्वी प्रयत्न होता. शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी आनंदीबाई या त्यांच्या सहधर्मचारिणी होत्या, ही गोष्ट या दोन संस्थांमधील नाते सूचित करते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. रमाबाईंना विरोध झाला, पण त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न समाजाला टाळता आला नाही.

तिसरा मुद्दा इतिहासलेखनाचा आहे. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक देऊन गौरविलेल्या रमाबाई महाराष्ट्राच्या प्रबोधनपरंपरेच्या कथनात मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिल्या. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पुढे उमा चक्रवर्ती, मीरा कोसंबी आदी अभ्यासकांनी रमाबाईंचे पुनर्मूल्यांकन केले. या लेखनामुळे ‘धर्मांतरित’ या एकाच शिक्क्याखाली झाकले गेलेले त्यांचे व्यक्तिमत्त्व पुन्हा दृष्टिपथात आले. तरीही मुक्तिसदनातील सामान्य स्त्रियांचे स्वतःचे शब्द अभ्यासकाला फार थोडे उपलब्ध होतात. त्या काय मानीत होत्या हे आपल्याला प्रायः आश्रयदात्यांच्या वृत्तांतांतूनच कळते. ही मर्यादा लक्षात ठेवूनच कोणताही निष्कर्ष काढावा लागतो.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, मुक्तिसदनाचे कार्य हे परकीय मिशनकार्याचे केवळ अनुकरण नव्हते. ख्रिस्ती श्रद्धा, संस्कृत परंपरेतील विद्याव्यासंग आणि दुष्काळाचा प्रत्यक्ष अनुभव यांच्या संयोगातून ते उभे राहिले. दुसरा, संकटात सापडलेल्या माणसाला आशा बाहेरून देता येत नाही. ती त्याच्या हाताला काम, डोळ्यांना अक्षर आणि जगण्याला जबाबदारी देऊन त्याच्याकडूनच घडवून घ्यावी लागते. तिसरा, सेवा आणि धर्मप्रसार यांच्या सरमिसळीतून निर्माण होणारा नैतिक पेच मुक्तिसदनाने सोडविला नाही. तो आजही साहाय्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे निरनिराळ्या रूपांत उभा राहतो. मदत घेणाऱ्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत आहे, ही कसोटी धर्मसंस्थांना लागू पडते, तशीच ती अन्य सेवाभावी उपक्रमांनाही लागू पडते.

केडगाव येथील संस्था आजही कार्यरत आहे. तिच्या इतिहासाकडे पाहताना गौरव किंवा निषेध या दोहोंच्या पलीकडे जाणे आवश्यक आहे. वाळूत अंग पुरून थंडीची रात्र काढणारी एक निराधार मुलगी पुढे दीड हजारांहून अधिक निराधारांना छप्पर देऊ शकली आणि त्यांतील काहींनी पुढच्या दुष्काळात इतरांचा हात धरला. महाविद्यालयीन अध्यापनात एकोणिसाव्या शतकाचे प्रबोधन शिकविताना ही साखळी विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास, समाजसुधारणेचा इतिहास हा केवळ थोर व्यक्तींचा आणि त्यांच्या वादांचा नसून दुष्काळातून उठून उभ्या राहिलेल्या अनामिक स्त्रियांचाही आहे, याची जाणीव त्यांना होऊ शकेल.